कुंदा, तुझ्या जागी

कुंदा,

तुझ्या जागी माणूस शोधायचं काम माझ्याकडे आलं. ट्रस्टच्या घटनेत सात विश्वस्त लिहिले आहेत आणि आम्ही सहा उरलो. या महिन्यात वन खात्याची परवानगी नव्याने घ्यायची आहे. यादीत सात नावं नसतील तर ते अर्ज ठेवूनच घेणार नाहीत. परवानगी संपली की जासईच्या शेडमधले सगळे पिंजरे गाडीत चढतील आणि दुसरीकडे जातील. एका डोळ्याची घार जाईल, कासवं जातील, आणि ज्याच्यासाठी तू गेलीस तो तीन पायांचा कोल्हाही जाईल.

तू असतीस तर म्हणाली असतीस, 'मास्तर, कागद काढ. लिवायचाच काम हाय तुजा.' म्हणून कागद काढला आहे. मी हळू लिहितो, हे तुला माहीत आहे. त्यावरूनही तू मला पुष्कळ बोलली आहेस.

आपली पहिली भेट एका घुबडामुळे झाली. आमच्या कॉलेजच्या वाचनालयात, संदर्भग्रंथांच्या कपाटावर एक पांढरं गव्हाणी घुबड येऊन बसलं होतं. आमचा शिपाई रामदास घाबरला. त्याने पडद्याचा लोखंडी गज काढला आणि त्याला खाली पाडलं, पडल्यावर आणखी दोनदा मारलं. मुली ओरडत होत्या. मी ग्रंथपाल. मी दार धरून उभा होतो, म्हणजे कोणी आत येऊ नये आणि ते बाहेर जाऊ नये. कोणीतरी तुला फोन केला. तू आलीस, घुबडाचा तुटलेला पंख हातात धरून विचारलंस, पहिला हात कोणी उचलला. रामदासने मान खाली घातली. तू त्याला म्हणालीस, "आज मारलास ना? मंग आता राखाचा पन तूच. उद्या जासईला ये." मग माझ्याकडे वळलीस. मी काय करत होतो म्हणून विचारलंस. मी खरं ते सांगितलं, की मी दार धरलं होतं. तू माझ्याकडे जरा वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "मंग तू लिवायला ये."

मला वाटलं ही बाई थट्टा करते आहे. दुसऱ्या दिवशी रामदास खरंच गेला, आणि त्याला रस्ता माहीत नाही म्हणून मी गेलो. कंटेनरच्या गोदामांच्या मागे, तुझ्या वडिलांची जेवढी जमीन उरली होती तेवढ्यात तुझी शेड. रामदासने सहा आठवडे त्या घुबडाला चिमट्याने उंदराचं मांस भरवलं. घुबड मेलं. रामदास राहिला. आज तो आपला कोषाध्यक्ष आहे आणि त्या गजाची गोष्ट कोणी विचारली की अजून पाणी प्यायला उठतो.

लोक संस्थांवर विश्वस्त कसे घेतात, हे मी वाचून काढलं होतं. एक वकील असावा, एक डॉक्टर असावा, एखादा निवृत्त अधिकारी, ज्याचं नाव कागदाच्या वर छापलं की समोरचा खुर्ची देतो. मी तुला अशी टिपणं काढून आणून द्यायचो. तू ती पिंजऱ्यात अंथरायचीस. तुझी माणसं शोधायची जागा वेगळी होती. जिथे मारहाण झाली तिथे जायचं, जनावर उचलायचं आणि मग पहिला हात कोणाचा ते विचारायचं.

सानपाड्याच्या सुलभाताई तशाच आल्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर उदमांजर व्यालं होतं. रात्रभर खुडखुड ऐकून त्या कंटाळल्या आणि सकाळी त्यांनी भाताचं उकळतं पाणी वर ओतलं. आपण गेलो तेव्हा आई पिल्लांवर पसरून पडली होती आणि तिच्या पाठीची कातडी साय निघावी तशी निघत होती. सुलभाताई सारखं म्हणत होत्या, मला वाटलं उंदीर आहेत हो. तू त्यांना ओरडली नाहीस. ती कातडी कात्रीने कापायला त्यांनाच बसवलंस. त्यांना उलटी झाली. तोंड धुऊन आल्यावर पुन्हा बसवलंस. दोन पिल्लं जगली आणि सुलभाताई मंडळावर आल्या.

मार्केटमधले बाळूशेठ, आमच्या साताऱ्याकडचेच, कांद्याच्या गाळ्यात नाग निघाला तेव्हा त्यांनी फावड्याने त्याचे तीन तुकडे केले होते. वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मधला तुकडा फावड्याच्या दांड्याला वेढा घालून अजून आवळत होता. तू तो सोडवलास आणि शेठच्या हातात दिलास, अजून हलणारा. गाळ्यातले हमाल हसत होते. माझे वडील त्याच मार्केटात पाठीवर पोती वाहायचे, त्यामुळे ते हसणं मला ओळखीचं होतं. शेठ हसले नाहीत. ते त्या तुकड्याचं हलणं थांबेपर्यंत तसेच उभे राहिले. आज नवी मुंबईत साप निघाला की अर्धे फोन त्यांना जातात.

बाकीचे दोघे असेच आले. एकाने बगळ्यांच्या वसाहतीचं झाड पिल्लांसकट पाडलं होतं. दुसऱ्याने घोरपडीची कंबर कुऱ्हाडीने तोडली होती. आपल्या मंडळाची सभा भरली की मला वाटायचं, मी एका चौकशीत लिहायला बसलो आहे.

हे असं का, म्हणून मी तुला एकदाच नीट विचारलं. तू कासवाच्या पाठीला मलम लावत होतीस. म्हणालीस, "ज्यानं मारला त्यालाच म्हाईत असतं मोडलेला हाड कसा वाजतो. बाकीचे फोटो काढतात, मास्तर." मी विचारलं की मग मी कशाला. तू हसलीस. "तुजा हात कदी उठला नाय. म्हनून तर तू कारकून."

ते मला लागलं होतं, कुंदा. पुढची सगळी वर्षं लागत राहिलं. मी तुझी पत्रं लिहिली, ठराव लिहिले, वन खात्याच्या टेबलांवर तासन्‌तास बसलो, आणि तू मला सातात मोजत असूनही मोजत नव्हतीस.

आपलं शेवटचं भांडण याच्यावरच झालं. आपल्यातला बगळ्यांवाला विश्वस्त कायमचा गावी जायचं म्हणत होता, आणि मी त्याच्या जागी एक गृहस्थ आणले होते. बँकेतून निवृत्त झालेले, पक्ष्यांचं वाचन असलेले, प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये स्वतःची माहिती घेऊन आलेले. तू त्यांच्या हातात घार दिलीस आणि तिच्या मांडीला टाके घातलेस. त्यांनी नीट धरली. नखं मनगटात गेली तरी सोडली नाही, हूं की चूं केलं नाही. मी मनात म्हटलं, आता काय बोलशील. तू त्यांना स्वतः चहा करून दिलास, त्यांच्या मनगटाला पट्टी बांधलीस, आणि ते गेल्यावर म्हणालीस, "चांगला मानूस हाय. चांगल्या मानसाचं हितं काय काम?"

मी कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. म्हणालो, तुझं हे मंडळ म्हणजे गुन्हेगारांची यादी आहे. तू शांतपणे सुई धुतलीस. "आनि तू? तू तर त्यात पन नायस."

मी स्कूटर काढून निघून आलो. चार दिवस फोन केला नाही. पाचव्या दिवशी तुझाच आला. मोऱ्याला कोल्हा अडकलाय, ये.

त्या सकाळचं तुला काय सांगायचं, तू तिथेच होतीस. पण तू फक्त कोल्ह्याकडे बघत होतीस. बाकीचं मी बघितलं.

मोरा बंदराच्या धक्क्याच्या अलीकडे, गजा कोळ्याच्या घरामागे जाळी ठेवायची खोप. कोल्हा आत शिरला होता आणि जाळ्यात गुरफटला होता. गजाची मुलगी दोरी आणायला आत गेली तेव्हा तिच्या पोटरीला चावला. मुलीला शेजारणीने इंजेक्शनला नेलं होतं. अंगणात वीस-पंचवीस माणसं होती आणि सगळ्यांच्या हातात काही ना काही होतं. आपण पोचलो तेव्हा कोल्ह्याला जाळ्यासकट फरफटत बाहेर काढलं होतं. गजाने बोंबील वाळवायच्या मांडवाचा बांबू उपसला होता. त्याच्या पहिल्या फटक्याने कोल्ह्याचा पुढचा पाय मोडला. तो किंचाळला, अगदी माणसासारखा, आणि ते किंचाळणं ऐकून लोक आणखी पुढे सरकले. मी तेव्हा प्रथमच बघितलं की वेदनेचा आवाज माणसांना थांबवत नाही, ओढून घेतो.

तू धावलीस. मी पिंजऱ्याचं दार धरून उभा होतो. आपली तशी वाटणीच होती, तू आत जायचं आणि मी दार धरायचं.

गजाचा दुसरा फटका निघाला होता आणि तू मध्ये वाकलीस. बांबू तुझ्या कानामागे बसला. आवाज फार मोठा नव्हता. ओला नारळ मातीत पडावा तसा.

तू पडली नाहीस. तू गुडघ्यावर टेकलीस, टॉवेल टाकलास, कोल्ह्याचं तोंड धरलंस आणि त्याला उचलून उभी राहिलीस. तुझ्या मानेवरून रक्त ब्लाउजमध्ये उतरत होतं. गजा बांबू हातात धरून तसाच उभा होता, तोंड उघडं. तू त्याच्याकडे बघून म्हणालीस, "मारलास ना? मंग आता..." तेवढ्यात कोल्ह्याने हिसका दिला आणि ते वाक्य तिथेच राहिलं.

कोल्हा पिंजऱ्यात टाकताना तू मला म्हणालीस, "दार नीट लाव." ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. आठ वर्षांच्या शेवटी हे तीन शब्द. गाडी मी चालवली. अर्ध्या वाटेत तू खिडकीतून ओकलीस, मग तुझं डोकं काचेवर आपटत राहिलं आणि मी एका हाताने ते धरायचा प्रयत्न करत राहिलो. मागे पिंजऱ्यात कोल्हा स्वतःचा मोडका पाय चावत होता, त्याचा आवाज येत होता.

वाशीच्या रुग्णालयात तुझं डोकं भादरलं, कवटी उघडली, पुन्हा लावली. चेहरा इतका सुजला की तुझा सख्खा भाऊ आत येऊन बाहेर गेला आणि नर्सला म्हणाला, ही नाही. तिसऱ्या दिवशी तू गेलीस. त्याच दिवशी शेडवर कोल्ह्याचा पाय कापून काढला. तो जगला.

मी तुला एक गोष्ट सांगायला हवी. पुढचे दोन महिने मी माणूस मारण्याच्या विचारात काढले. मी, ज्याने आयुष्यात कधी कुणाला चापटही मारली नाही. वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारताना मी गजाचं डोकं बघायचो. घरी भाजी चिरताना त्याची बोटं. मला लाज वाटायची नाही, उलट त्याच वेळी मला नीट श्वास घेता यायचा. पोलिसांनी माझा जबाब घेतला, तेव्हा गजाही तिथे बाकावर बसला होता. तो एकच वाक्य सारखं म्हणत होता, "मी बाईला बघितलाच नाय. कोल्ह्यालाच मारत व्हतो." पुढे त्याला जामीन मिळाला. ते वाक्य माझ्या कानातून गेलं नाही.

तुझ्यामागे मंडळाची पहिली सभा भरली. बगळेवाला गावी गेला नाही, तू गेल्यावर कुठलं जाणं, म्हणाला. जागा तेवढी एकच रिकामी, तुझी. मी बँकेतल्या गृहस्थांचं नाव तयार ठेवलं होतं. ते अजूनही यायला तयार होते. आता मला विरोध करायला कोणी नव्हतं. तुझ्याशी आठ वर्षं चाललेला वाद मी तू मेल्यामुळे जिंकणार होतो.

मी नाव वाचायच्या आधी रामदास बोलला. तो सभेत कधी बोलत नाही. म्हणाला, "सर, ताईंचा नियम आहे ना. पहिला हात कोणाचा होता?"

सुलभाताईंनी पदर तोंडाला लावला. बाळूशेठ खिडकीतून बाहेर बघत म्हणाले की नियम म्हणजे नियम, आपण कुणी कमी मारलं नव्हतं. मी म्हणालो की तिने त्याला बोलावलं नव्हतं. हे मी खोटं बोललो, कुंदा. तुझं अर्धं वाक्य त्यांच्यातल्या कोणी ऐकलं नव्हतं आणि मी ते त्यांना सांगितलं नाही. तरीही त्यांनी हात वर केले. पाच हात. ठराव मीच लिहिला, माझ्याच अक्षरात, की मोरा येथील गजानन यांस विश्वस्त म्हणून निमंत्रण द्यावे. सचिवांनी समक्ष जाऊन पत्र द्यावे.

मी दुपारी गेलो. गजा अंगणात बनियनवर बसून जाळं सांधत होता. त्याची बायको हिरा चुलीजवळ मासळी साफ करत होती, कोपरापर्यंत खवले लागलेले. मला बघून गजा उठला. त्याने माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची पुसली. दोन महिन्यांत त्याची गालफडं बसली होती. पत्र माझ्या खिशात होतं. मी ते बाहेर काढणार तेवढ्यात तो म्हणाला, "मास्तर, आई एकवीरेची शपथ, मी बाईला बघितलाच नाय. कोल्ह्यालाच..."

भिंतीला वल्हं टेकवलेलं होतं. मी ते कधी उचललं ते मला आठवत नाही. ते हातात किती जड लागलं हे आठवतं, आणि ते जडपण किती बरं वाटलं हेही. पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला, मानेजवळ. हाड मोडलं आणि ते वाजल्याचं मी ऐकलं. सगळे म्हणतात तसा, सुकी फांदी मोडावी तसा, तो आवाज नसतो. तो आतून येतो. वल्ह्याच्या लाकडातून माझ्या मनगटात आला, मनगटातून दातांत. गजाने हात वर केला नाही. तो जाळ्यावर कोसळला आणि त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. मला दुसरा फटका त्याच्या डोक्यात घालायचा होता. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. मला ते डोकं फोडायचं होतं, आणि मी वल्हं उचललं, आणि ते खाली येऊ लागलं.

मध्ये हिरा आली.

खवल्यांचे दोन्ही हात पुढे करून ती त्याच्यावर वाकली, आणि मला तिचं कपाळ दिसलं, कुंकवासकट. मी थांबायचं ठरवलं. ठरवलं, तरी वल्हं थांबेना. निघालेला फटका आपला राहत नाही, हे मला कोणत्याही पुस्तकात मिळालं नव्हतं. मी सगळं अंग बाजूला टाकलं तेव्हा ते तिच्या कानाजवळून गेलं आणि पाण्याच्या निळ्या पिंपावर आदळलं. पिंप फुटलं. अंगणभर पाणी झालं.

हिराने माझ्या हातातून वल्हं काढून घेतलं आणि पुन्हा भिंतीला टेकवून ठेवलं. मग म्हणाली, "झाला? का अजून हाय?"

मी खाली बसलो. पाण्यात बसलो. पत्र खिशातून पडलं होतं. तिने पदराला हात पुसून ते उचललं, उभ्यानेच पूर्ण वाचलं. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे, हे मला नंतर कळलं. वाचून झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं.

"ह्यात तुमी त्याला बोलावताय. आनि मारताय पन. ही कंची पद्धत?"

गजाला मी माझ्याच स्कूटरवर दवाखान्यात नेलं. तो मागे बसला होता, चांगला हात माझ्या खांद्यावर ठेवून. प्रत्येक खड्ड्याला कण्हत होता आणि प्रत्येक खड्ड्याला मी 'सांभाळा' म्हणत होतो. डॉक्टरने विचारलं तेव्हा त्यानेच सांगितलं, होडीत पाय सरकला. बाहेर आल्यावर मी म्हणालो, तक्रार कर. तो म्हणाला, "कशाला, मास्तर? तुमी तरी बघून मारलात."

ते ऐकून मी जसा रडलो, तसा तुझ्या प्रेतापुढेही रडलो नव्हतो.

मी सभेत सगळं सांगितलं. तुझं अर्धं वाक्य मी दडवलं होतं, तेही सांगितलं. मग बाळूशेठ उठले, माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला, आणि म्हणाले, "या." एवढंच. जणू मी आत्ताच दारातून आलो होतो.

त्यानंतर मी एक आठवडा विचार केला. तुझ्या नियमाने आणलेली पाचही माणसं मारणारी होती, आणि आता मीही. पण तू कशी आलीस? तुझा पहिला हात कोणावर उठला होता, हे मी आठ वर्षांत विचारलं नाही. आता कुणाला विचारणार. मी तुला मध्ये पडतानाच बघितलं आहे. आपल्या सातांत मध्ये पडणारी तू एकटी होतीस. रिकामी झाली आहे ती जागा तुझी आहे, आणखी एका काठीची नाही.

मी पुन्हा मोऱ्याला गेलो. गजा आत झोपला होता, हात गळ्यात बांधलेला. हिरा ओट्यावर होती. मी नवं पत्र पुढे केलं, मंडळाने मान्य केलेलं, त्यावर तिचं नाव होतं. ती वाचून हसली नाही, चिडलीही नाही. मी तिला आधीच सांगून टाकलं की खटला उभा राहील तेव्हा मी साक्ष देईन, तिच्या नवऱ्याच्या विरुद्ध, जे बघितलं ते सगळं. ती म्हणाली, "द्या. खरी द्या." मग विचारलं, "बाई त्या दिवशी ह्याला कायतरी बोलली व्हती. अर्धाच. काय व्हता तो?"

ती दारात होती. तिनेही ऐकलं होतं. मी तिला तुझं वाक्य पूर्ण करून सांगितलं. मारलास ना, मंग आता राखाचा पन तूच.

हिराने आतल्या दाराकडे बघितलं. "त्याला नाय जमनार," ती म्हणाली. "त्याला आता मांजर अंगनात आली तरी कापरा भरतो." मग ती माझ्याकडे न बघता बोलली. "त्या दिवशी मी पन मधी येनार व्हते, मास्तर. एक पाऊल टाकला व्हता उंबऱ्याच्या भायेर. तुमची बाई आदी पोचली. ती नसती तर तो बांबू माजा व्हता."

तिने पेन मागितलं.

आपल्या ट्रस्टच्या वकिलांना हे पसंत नाही. आरोपीची बायको मंडळावर, सचिव साक्षीदार, लोक काय म्हणतील. मी त्यांना म्हणालो, दिसायचं तसं दिसू दे. हे मी म्हणालो, कुंदा, छापील कागदाच्या वरच्या नावांची काळजी करणारा मी. बँकेतल्या गृहस्थांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी मनगटावरचा व्रण दाखवला आणि रविवारी घार धरायला येत जाऊ का, एवढंच विचारलं. येतात. चांगल्या माणसाचंही इथे काम आहे. हा एक मुद्दा माझा, आणि तो मी सोडणार नाही.

कालच्या रविवारी हिरा पहिल्यांदा जासईला आली. डब्यात घारींसाठी माशांची डोकी आणि आतडी घेऊन आली. वन खात्याचा अर्ज टेबलावर होता. त्यात एक रकाना आहे, नवा विश्वस्त कोणाच्या जागी. तो मी तीन दिवस भरू शकलो नव्हतो. तिने सगळा अर्ज बोट ठेवून वाचला आणि त्या रकान्याशी थांबली. तिला कळलं. तिने पेन घेतलं आणि मला विचारलं, "बाईचं पूर्ण नाव काय?"

तिने तुला बघितलं ते एक पाऊल टाकण्याएवढाच वेळ, आणि तुझं पूर्ण नाव तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं. तुझं, तुझ्या वडिलांचं, आडनाव. तू गेल्यापासून मी ते पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं. तिने शाळेतल्या गोल अक्षरात लिहिलं.

मग ती म्हणाली, "तो कुठं हाय?"

कोल्हा शेवटच्या पिंजऱ्यात, कोपऱ्यात पाठ लावून बसला होता. माणूस दिसला की तो अजूनही दात काढतो. जखम तो चावून पुन्हा पुन्हा उघडतो, म्हणून त्याची पट्टी बदलायची होती. एकाने धरायचं आणि एकाने बांधायचं. तू गेल्यापासून हे काम रामदास आणि शेठ करतात, मी दार धरतो. हिराने टॉवेल हातात घेतला. ज्याने तिच्या पोरीला फाडलं, त्याच्याकडे ती क्षणभर बघत राहिली, आणि मला वाटलं, ती फिरेल. ती वाकून आत गेली.

मी दार धरलं होतं. मग सोडलं, आणि मीही वाकून आत गेलो. कोल्ह्याने पहिली झेप माझ्याच हातावर घेतली. दात हाडापर्यंत गेले. मी हात ओढला नाही. दुसऱ्या हाताने मागे चाचपून आधी दार लावलं. नीट.